नकाशावरचा लाल ठिपका: उपग्रह रडार जमिनीची हालचाल कशी मोजतो

जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या जोशीमठात घरांच्या भिंतींचे तडे झपाट्याने वाढू लागले. त्याच सुमारास हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या प्राथमिक अहवालातले दोन आकडे देशभर पोचले. एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ या सात महिन्यांत गावाचा काही भाग ८.९ सेंमीपर्यंत खचला होता. पुढे २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या १२ दिवसांत तो आणखी ५.४ सेंमी खचला. काही दिवसांत तो अहवाल संकेतस्थळावरून काढून घेण्यात आला, पण नकाशावरचे लाल पट्टे तोवर सगळ्यांनी पाहिले होते. शेकडो किलोमीटर वरून फिरणाऱ्या यंत्राला जमीन काही सेंटिमीटर हलल्याचं कसं कळतं, आणि ज्या डोंगराची आपल्याला भीती वाटते तोही असाच मोजता येईल का, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण हे मोजमाप आता फुकट मिळतं, आणि ते चुकीचं वाचणंही तितकंच सोपं आहे.

सेंटिनेल-१ हे युरोपचे रडार उपग्रह ६९३ किमी उंचीवरून फिरतात. ते खाली तिरकं बघत सूक्ष्मलहरी सोडतात आणि जमिनीवरून परत आलेला प्रतिध्वनी नोंदवतात. लहरी स्वतःच्याच असल्यामुळे त्यांना उजेड लागत नाही, आणि ढगांतूनही त्या पार जातात. एक उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच वाटेवरून, जवळजवळ त्याच बिंदूतून परत जातो. या पद्धतीचा सगळा डोलारा त्या अचूक पुनरागमनावर उभा आहे.

प्रतिध्वनीत दोन गोष्टी नोंदल्या जातात. एक त्याचा जोर, दुसरी फेज, म्हणजे परत येताना लहर आपल्या चढउताराच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर होती ते. सेंटिनेलच्या लहरीची लांबी साधारण ५.५ सेंमी. फेज म्हणजे फक्त मिनिटकाटा असलेलं घड्याळ समजा: किती वाजले ते कळणार नाही, पण दोनदा पाहिलं तर काटा किती सरकला ते बारीक अचूकतेने कळेल. मधल्या वेळात काट्याने पूर्ण फेरा मारला असेल, तर तेही कळणार नाही.

आता १२ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदींतली फेज एकमेकींतून वजा करायची. एखादी जागा उपग्रहापासून २.८ सेंमी लांब गेली, तर लहरीचा जाण्यायेण्याचा प्रवास दुपटीने, म्हणजे जवळपास एका पूर्ण तरंगलांबीने वाढतो आणि काटा एक फेरा पूर्ण करतो. नकाशावर हा फेरा निळ्यापासून लालपर्यंतच्या एका पट्ट्यात दाखवतात. अचल भागापासून खचलेल्या भागाकडे जाताना असे दोन पट्टे ओलांडले, तर फरक सुमारे ५.६ सेंमी. या पद्धतीला इनसार म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात २८ जून १९९२ रोजी लँडर्सचा भूकंप झाला. ईआरएस-१ उपग्रहाच्या नोंदींवरून फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्या हालचालीचा पट्ट्यापट्ट्यांचा नकाशा १९९३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही पद्धत सर्वतोमुखी झाली.

वजाबाकी इतकी सरळ नसते. उपग्रह दुसऱ्या फेरीत काही दहा मीटर बाजूने गेलेला असतो, त्यामुळे डोंगरदऱ्यांची उंचीही फेजमध्ये शिरते. ती उंचीचा नकाशा वापरून काढून टाकावी लागते. त्याहून मूलभूत अडचण अशी की सेंटिनेलच्या नोंदीतला एक ठिपका जमिनीवर साधारण ५ मीटर बाय २० मीटरचा असतो. त्यात दगड, भिंती, झुडपं, पत्रे असं बरंच काही येतं आणि सगळ्यांचे प्रतिध्वनी मिसळून एकच फेज मिळते. त्या एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो. ठिपक्यातल्या वस्तू दोन्ही वेळी जशाच्या तशा राहिल्या, तरच वजाबाकीला अर्थ येतो. हा जुळण्याचा दर्जा ० ते १ या मापात मोजतात आणि त्याला कोहेरन्स म्हणतात. सिमेंटच्या वस्त्या आणि उघडा कातळ यांचा कोहेरन्स महिनोन्महिने टिकतो. भातखाचरं, ऊस, दाट जंगल यांचा १२ दिवसांतही टिकत नाही. ०.३ च्या खालचे ठिपके सहसा गाळून टाकतात. ते गाळले नसतील, तर त्या भागातले रंग म्हणजे निव्वळ गोंधळ असतो.

नकाशा हातात आला की पहिला प्रश्न दिशेचा. इनसार जमीन “खाली गेली” असं मोजत नाही. जमीन आणि उपग्रह यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवर अंतर किती बदललं, एवढंच ते मोजतं. सेंटिनेलची ही रेषा उभ्यापासून २९ ते ४६ अंश कललेली असते. ३९ अंश धरला, तर सरळ खाली १० मिमी खचलेली जागा ७.८ मिमी दिसते आणि पूर्व-पश्चिम १० मिमी सरकलेली जागा सुमारे ६ मिमी. उत्तर-दक्षिण सरकलेली मात्र जेमतेम एखादा मिमी, कारण उपग्रह जवळजवळ ध्रुवांवरून फिरतात आणि बाजूला बघतात. उत्तरेकडे उतरणारा डोंगर सरकत असला, तरी नकाशावर तो हिरवा, शांत दिसू शकतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना उपग्रह पूर्वेकडे बघतो, उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना पश्चिमेकडे. दोन्ही फेऱ्यांच्या नोंदी एकत्र केल्या, तर उभी आणि पूर्व-पश्चिम हालचाल वेगळी काढता येते. एकाच फेरीवरून काढलेल्या नकाशाखाली “उभे खचणे” लिहिलेलं असेल, तर हालचाल फक्त उभी आहे हे करणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. सपाट शहरात ते चालून जातं, डोंगरउतारावर चालत नाही.

दुसरा प्रश्न: कशाच्या तुलनेत? सगळे आकडे नकाशातल्या एका संदर्भबिंदूच्या तुलनेत असतात, आणि तो हललेला नाही असं मानलेलं असतं. तो बिंदूच दरवर्षी ५ मिमी खचत असेल, तर स्थिर असलेला सगळा परिसर ५ मिमीने वर येताना दिसेल. म्हणून संदर्भ खडकावर घ्यावा, भरावावर किंवा गाळाच्या जमिनीवर नको. ज्या अहवालात संदर्भबिंदू कुठे घेतला ते लिहिलेलं नाही, त्यातल्या आकड्यांवर निर्णय घेऊ नये.

तिसरा प्रश्न काळाचा, आणि इथे मिनिटकाट्याची मर्यादा आडवी येते. शेजारच्या ठिपक्याच्या तुलनेत एखादा ठिपका दोन फेऱ्यांच्या दरम्यान १.४ सेंमीहून जास्त हलला, तर तो पुढे गेला की मागे आला हेच ठरवता येत नाही. १२ दिवसांना १.४ सेंमी म्हणजे वर्षाला सुमारे ४२ सेंमी. प्रत्यक्षात नोंदींतल्या गोंगाटामुळे मर्यादा याच्या बरीच अलीकडे येते. म्हणजे हे हळू हालचालीचं मोजमाप आहे. घाईत झालेली हालचाल एकतर चुकीच्या आकड्यात दिसते किंवा दिसतच नाही.

हवेचा गोंधळ या सगळ्याहून जास्त फसवतो. सूक्ष्मलहरी बाष्पातून जाताना किंचित मंदावतात, आणि उपग्रहाला ते अंतर वाढल्यासारखं वाटतं. आर्द्रतेत २० टक्क्यांचा फरक पडला, तरी नकाशात १० सेंमीच्या घरातली खोटी हालचाल उमटू शकते. सह्याद्रीत तर हे नेहमीचं. कोकणपट्टीवरच्या लहरीला घाटमाथ्यापेक्षा कितीतरी जाड, दमट हवेचा थर ओलांडावा लागतो. दोन दिवसांची हवा वेगळी असली की अख्खा घाट खचल्यासारखा किंवा उचलल्यासारखा दिसतो. ओळखायचं कसं? रंग उंचीच्या समोच्च रेषांना धरून चालत असतील, तर हवेवर संशय घ्यावा. दुसरी कसोटी अशी की एकाच तारखेची नोंद वेगवेगळ्या तारखांशी जोडून पाहायची. तोच डाग प्रत्येक जोडीत येत असेल, तर तो त्या दिवसाच्या हवेचा आहे. जमीन खरोखर हलली असेल, तर त्या तारखेच्या आधीची आणि नंतरची नोंद थेट एकमेकींशी जोडली तरी हालचाल दिसलीच पाहिजे.

म्हणूनच एका जोडीवर कोणी थांबत नाही. दोन-तीन वर्षांच्या डझनावारी नोंदी एकत्र लावतात. यासाठी दोन घराणी आहेत. पहिल्यात इमारतींचे कोपरे, खांब, कातळ असे वर्षानुवर्षं स्थिर प्रतिध्वनी देणारे बिंदू निवडतात. मिलानच्या फेरेत्ती, प्राती आणि रोका यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत मांडली. शहरासाठी ती उत्तम, आणि तिला किमान २०-२५ नोंदी लागतात. दुसऱ्यात थोड्या दिवसांच्या अंतराच्या अनेक जोड्यांचं जाळं विणून त्यातून काळाची मालिका काढतात. गावाबाहेरची माळरानं, उघडे उतार यांसाठी ही बरी. दोन्हींत हवेचा गोंगाट सरासरीत विरतो आणि वर्षाला काही मिलिमीटर इतका वेगही भरवशाने सांगता येतो.

या मालिकेचा आलेख रंगीत नकाशापेक्षा जास्त बोलका असतो, आणि आपल्याकडे तो कोणी मागतच नाही. सरळ उतरती रेघ म्हणजे संथ, सातत्याने खचणं. वर-खाली होणारी लाट म्हणजे ऋतूचा परिणाम. मराठवाडा-विदर्भातली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. जून आणि सप्टेंबरच्या नोंदी जोडल्या, तर अख्खं रान वर आलेलं दिसेल. मातीतला ओलावाही फेज बदलतो. याला भूगर्भातली हालचाल समजून घाबरायचं कारण नाही. पोलादी पूल आणि उंच इमारतीही उन्हाने काही मिलिमीटर वाढतात. काळजी करावी ती वळणाऱ्या रेघेची, जिचा उतार महिन्यागणिक तीव्र होत जातो.

शहरांच्या बाबतीत ही पद्धत किती कामाची आहे, ते दिल्लीने दाखवलं. विमानतळाजवळच्या कापसहेडा भागात २०१४ ते २०१६ दरम्यान जमीन वर्षाला सुमारे ११ सेंमी खचत होती, आणि पुढच्या दोन वर्षांत हा वेग १७ सेंमीच्या घरात गेला. कारण भूजलाचा उपसा. गाळाच्या जमिनीत वरच्या थरांचं काही वजन मातीचे कण पेलतात, काही कणांमधलं पाणी. पाणी उपसलं की सगळा भार कणांवर येतो आणि ते एकमेकांत दाबले जातात. वाळूचा थर पाणी परत आल्यावर थोडा सावरतो. चिकणमातीचा दबलेला थर बहुतांशी कायमचा दबतो. जवळच द्वारकेत मात्र खचणं थांबून जमीन किंचित वर येऊ लागल्याचं त्याच अभ्यासात दिसलं, आणि त्याचा संबंध अभ्यासकांनी पाणी जिरवण्याच्या उपायांशी जोडला. धोरण लागू पडलं की नाही हे जमिनीच्या उंचीवरून तपासता येणं, ही फार मोठी गोष्ट आहे.

मग महाराष्ट्रात हजारो बोअरवेल आटतात, तरी जमीन अशी का खचत नाही? कारण बहुतेक राज्य बेसॉल्टवर बसलेलं आहे. पाणी खडकाच्या फटींत आणि वरच्या मुरमात असतं. ते उपसल्याने कातळ दबत नाही. विहीर कोरडी पडते, जमीन जागेवर राहते. अपवाद शोधायचा तर तापी-पूर्णेच्या खोऱ्यात शोधावा. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्याखाली गाळाचे जाड थर आहेत आणि उपसाही प्रचंड आहे. मुंबईत कारण वेगळं असतं: खाड्या बुजवून केलेले भराव आणि त्यांखालची मऊ सागरी चिकणमाती. अशा ठिकाणी अख्खी इमारत सारखी खचली तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा जास्त आणि दुसरा कमी खचला की भिंती तडकतात. त्यामुळे सर्वाधिक वेगाच्या आकड्यापेक्षा शेजारशेजारच्या बिंदूंतला फरक पाहावा.

दरडींचा विषय सगळ्यात नाजूक. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३). प्रत्येक वेळी “उपग्रहाला आधी का दिसलं नाही?” हा प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारण्याचा हक्क लोकांना आहेच. उत्तर स्पष्ट द्यायला हवं. या तिन्ही ठिकाणी खडकावरचा मातीचा आणि झिजलेल्या दगडाचा थर अतिवृष्टीत भिजून अचानक सुटला. उतार हिरव्यागार झाडीचे, महिना जुलैचा, हवा बाष्पाने भरलेली, आणि घसरण मिनिटांत संपणारी. दर १२ दिवसांनी येणाऱ्या ५.५ सेंमी लहरीच्या रडारला अशी दरड आधी सांगता येत नाही. तिथे पर्जन्यमापक, पावसाची धोक्याची पातळी, उतारावर पडलेल्या ताज्या भेगा आणि वेळेत केलेलं स्थलांतर यांवरच भर द्यावा लागतो. रडारचा उपयोग नंतर होतो: ढगांआडूनही दरडीचा पसरलेला राडारोडा किती जागेत आहे ते तो दाखवू शकतो.

पण सगळ्या दरडी अशा नसतात. चीनच्या सिचुआन प्रांतात २४ जून २०१७ रोजी शिनमो गाव दरडीखाली गेलं. सेंटिनेलच्या जुन्या नोंदी नंतर उलगडल्या, तेव्हा वरच्या उतारावरची हालचाल आधीच्या काळात वेग घेत असल्याचं दिसलं. तो उतार उंच, कमी झाडीचा, खडकाळ होता. अशा वेळी वेगाचा व्यस्तांक (१ भागिले वेग) काढून काळासमोर मांडतात. वेग वाढत गेला की व्यस्तांक शून्याकडे उतरत जातो, आणि ती रेघ शून्याला जिथे टेकेल ती कोसळण्याची अंदाजे वेळ. घटना घडून गेल्यावर ही रेघ ओढणं सोपं असतं. ब्राझीलमधल्या ब्रुमादिन्योचं खाणगाळाचं धरण २५ जानेवारी २०१९ रोजी फुटलं आणि २७० माणसं गेली. चौकशी करणाऱ्या तज्ज्ञ समितीला आधीच्या हालचालीत स्पष्ट पूर्वसूचना आढळली नाही. नंतर एका संशोधक गटाने वेगळ्या पद्धतीने त्याच काळातल्या नोंदी तपासून वेग वाढल्याचं दाखवलं. त्यामुळे “रडार शांत आहे, म्हणजे धोका नाही” हे वाक्य कोणत्याही अधिकाऱ्याने उच्चारू नये.

याचा रोजच्या कारभारात उपयोग कसा करायचा, ते इटलीतल्या तोस्काना प्रांताने दाखवलंय. २०१६ पासून तिथे दर नव्या फेरीनंतर संपूर्ण प्रांताची मालिका पुढे नेली जाते आणि ज्या बिंदूंचा वेग वर्षाला १० मिमीहून जास्त बदलला, ते वेगळे काढले जातात. मग भूवैज्ञानिक प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहतात. संगणकाने यादी करायची, निर्णय माणसाने तिथे उभं राहून घ्यायचा. आपल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षांना झेपेल अशीच ही रीत आहे.

स्वतः करून पाहायचं असेल, तर सेंटिनेलच्या नोंदी युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर किंवा अलास्काच्या एएसएफ केंद्रावर मोफत मिळतात. एक दृश्य, म्हणजे एका वेळची नोंद, काही जीबींचं असतं, त्यामुळे सुरुवातीला एएसएफच्या हायप३ सेवेकडून तयार जोड्या मागवणं शहाणपणाचं. सगळी दृश्यं एकाच कक्षामार्गाची आणि एकाच दिशेच्या फेरीची असली पाहिजेत. नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. घरी करायचं तर स्नॅप हे मोफत सॉफ्टवेअर आहे. क्रम असा: अचूक कक्षेच्या फायली लावणे (त्या साधारण तीन आठवड्यांनी मिळतात), दृश्यं ठिपक्याच्या सूक्ष्म अंशापर्यंत जुळवणे, वजाबाकी, उंचीचा परिणाम काढणे, गोंगाटाची गाळणी, मग स्नाफू या साधनाने फेज उलगडणे, म्हणजे काट्याचे पूर्ण फेरे मोजणे. उलगडताना दरी, नदी किंवा गचपणाच्या पट्ट्यापलीकडे अख्ख्या भागात नेमका २.८ सेंमीचा ठोकळेबाज फरक आला, तर जमीन हललेली नसते, एक फेरा चुकलेला असतो. मालिकेसाठी मिंटपाय हे मोफत सॉफ्टवेअर वापरा, आणि हवेचा परिणाम काढण्याची पायरी गाळू नका.

झाडीची अडचण काही अंशी निसार सोडवेल. इस्रो आणि नासाचा हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याच्या एका रडारची लहर २४ सेंमी लांब आहे. पानं आणि बारीक फांद्या ती ओलांडून खाली जाते, त्यामुळे झाडीच्या उतारावरही कोहेरन्स जास्त टिकतो, आणि काट्याच्या एका फेऱ्यात २.८ ऐवजी १२ सेंमी मावतात. बदल्यात बारीक हालचाल थोडी कमी बारीक दिसते, आणि वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांचा त्रास वाढतो. परतफेरी त्याचीही १२ दिवसांचीच.

एखादा ठरावीक उतार सतत मोजायचाच असेल, तर निसारची वाट न पाहता तिथे कोनपरावर्तक बसवता येतो. तो म्हणजे काटकोनात जोडलेल्या तीन त्रिकोणी धातूच्या पत्र्यांचा कोपरा. एक मीटर बाजूचा परावर्तक सेंटिनेलला झाडीतही ठळक चमकणारा बिंदू देतो. एक उतारावर आणि एक जवळच्या घट्ट कातळावर संदर्भासाठी, अशी किमान जोडी लागते. तोंड ज्या फेरीच्या नोंदी वापरणार तिच्याकडे वळवायचं, पाया मातीत न ठेवता सिमेंटमध्ये पण सरकणाऱ्या थरावरच घ्यायचा, गुरांसाठी कुंपण घालायचं. तळाच्या कोपऱ्यात बोटभर भोक पाडायला विसरू नये. नाहीतर पहिल्याच पावसात त्यात पाणी आणि पालापाचोळा साचतो, आणि जुलैत, नेमका गरजेच्या महिन्यात, तो बिंदू अंधुक होतो.